कपाटाबाहेरची पुस्तके
(प्रस्तावना)

पाचवी-सहावीत गोष्टीचे पुस्तक हातातून न सोडणारी मुले नववीपर्यंत वाचेनाशी होतात, हा अनुभव महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला आहे. या मुलांना वाचता येत असते, पण आपण होऊन पुस्तक उचलणे थांबलेले असते. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आठवीपासून विषयांचा भार वाढतो, क्लास सुरू होतात, दहावीच्या वर्षाची चर्चा घरात दोन वर्षे आधीच सुरू होते आणि अवांतर वाचन हा वेळेचा अपव्यय ठरतो. नेमक्या याच वयात मुलांचे मन सगळ्यात जास्त प्रश्न विचारत असते. शरीर बदलत असते, मैत्री जुळते आणि तुटते, जात आणि पैसा म्हणजे काय ते कळू लागते, आई-वडिलांकडे माणसे म्हणून पाहायची दृष्टी येते. वाचनाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच वाचन सुटते. ते पुन्हा हाती लागू शकेल अशी एक जागा प्रत्येक शाळेकडे असते किंवा असायला हवी, ती म्हणजे शाळेचे ग्रंथालय. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे.

माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयाकडून तीन कामांची अपेक्षा असते. पहिले, अभ्यासक्रमाला पूरक संदर्भ पुरवणे. दुसरे, माहिती शोधायची आणि पारखायची सवय लावणे. तिसरे, वाचनाची गोडी लावणे. पहिल्या दोन कामांचा हिशेब ठेवता येतो, तिसऱ्याचा ठेवणे अवघड. म्हणून शाळा तपासणीच्या दिवशी दाखल नोंदवही पाहिली जाते, पुस्तकांची संख्या विचारली जाते, पण कोणती पुस्तके मुलांच्या हातात फिरून मळली आहेत हे कोणी पाहत नाही. माझ्या मते तिसरे काम हाच बाकीच्या दोन कामांचा पाया आहे. ज्याला वाचायला आवडते तो संदर्भही शोधतो. ज्याला आवडत नाही त्याच्यासमोर ज्ञानकोशाचे सगळे खंड ठेवले तरी तो गाईडमधलेच उत्तर उतरवतो.

मराठी मुलखात ग्रंथालयांचा इतिहास जुना आणि अभिमानाचा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधले, पुण्याचे १८४८ मधले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले आणि मुंबईचे १८९८ मध्ये. ही मुख्यतः शहरातल्या, वर्गणी भरू शकणाऱ्या प्रौढांची वाचनालये होती. शिक्षण आणि ग्रंथालय यांची सांगड धोरण म्हणून घातली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लगेच पुढचा प्रश्न हाती घेतला: शिकलेली रयत वाचणार काय? १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांमधून खेड्यापाड्यांत जाणारी फिरती ग्रंथालये अशी रचना तिथे उभी राहिली. वाचायला शिकवले तर पुस्तक पुरवण्याची जबाबदारीही आपलीच, ही बडोद्याची दृष्टी शंभर वर्षांनंतरही पुरेशी पचलेली नाही.

या क्षेत्राला शास्त्राची बैठक दिली ती एस. आर. रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे हे ग्रंथपाल मुळात गणिताचे प्राध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यातले पहिले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, ही पुढची चार. ही सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक पदविकाधारकाला पाठ असतात. तरीही शाळेत शिरल्यावर पहिले दिसते ते कुलूप. रंगनाथन यांनी आपल्या ग्रंथात मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडाने बांधून ठेवत असत त्याचे वर्णन केले आहे. काचेच्या कपाटाला लावलेले कुलूप त्या साखळीचेच काम करते.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, शाळांमधल्या ग्रंथालयांचे परखड वर्णन केले. बहुसंख्य शाळांत नाव घ्यावे असे ग्रंथालय नाही, पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली आहेत, खोली उदास आहे आणि ती सांभाळणाऱ्याला ना पुस्तकांची आवड ना या कामाची माहिती, असा त्याचा आशय होता. हा अहवाल आज वाचताना त्याची तारीख विसरायला होते. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. गावातल्या वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळू लागले, पण शाळांची ग्रंथालये त्या चौकटीबाहेर राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे बंधन घातले. तो कायदा मात्र चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आठवीपर्यंत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. ती शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी, तर महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी संस्थांनी चालवलेल्या. थोडक्यात, नववी-दहावीच्या मुलांचे ग्रंथालय ही नेमकी कोणाची जबाबदारी, याचे उत्तर ना ग्रंथालय कायद्यात स्पष्ट सापडते, ना शिक्षण कायद्यात. ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. ती कमी असलेल्या शाळेत कपाटाची किल्ली मराठीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाकडे जाते, आणि तासिकांच्या गर्दीत ती खिशातच राहते.

पुस्तकांच्या बाजूने पाहिले तर मराठीकडे बरेच काही आहे. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक सुरू केले. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९२८ मध्ये 'विद्यार्थी' काढले आणि पुढे नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. ना. धो. ताम्हनकरांचा गोट्या आला, भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात आणून सोडला. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठी घराघरांत नेली. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' यांनी पौगंडावस्थेतल्या मनाला स्वतःची भाषा दिली. तरीही प्रकाशकांच्या याद्या चाळल्या तर लहान मुलांची चित्रमय पुस्तके एका टोकाला आणि प्रौढांच्या कादंबऱ्या दुसऱ्या टोकाला दिसतात. तेरा ते सोळा या वयासाठी मुद्दाम लिहिलेले मराठी साहित्य अजून विरळ आहे. म्हणून या वयाच्या मुलांसाठी निवड करणाऱ्याला दोन्हीकडचे वाचावे लागते. 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे', 'बलुतं', मारुती चितमपल्लींचे जंगल, अनिल अवचटांचे लेख, यांतले काय कोणत्या मुलाच्या हाती कधी द्यायचे हे यादीवरून ठरत नाही. त्यासाठी पुस्तक माहीत हवे आणि मूलही माहीत हवे.

वाचनाची गोडी कशी लागते, याविषयी जगभर वेगवेगळे विचारप्रवाह आहेत. या पुस्तकातले लेख त्यांच्यातूनच आले आहेत, म्हणून नव्या वाचकाला त्यांची तोंडओळख असावी.

पहिला प्रवाह व्यवस्थेचा. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण. पुस्तक नीट लावले, नोंदवले की ते सापडते आणि सापडले की वाचले जाते, हा त्यामागचा विश्वास. तो बरोबर आहे, पण माध्यमिक शाळेत अपुरा पडतो. ड्यूईच्या पद्धतीत मराठी कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली येते. नववीतले मूल हा क्रमांक शोधत येत नाही. ते विचारते, ‘बाई, भुताचं काही आहे का?’ किंवा ‘सर, खरं घडलेलं द्या ना.’ त्यामुळे काही शाळांत पुस्तकांच्या कण्यावर क्रमांक तसाच ठेवून कप्प्यावर मुलांच्या बोलीतली पाटी लावली जाते: रहस्य, खेळाडू, शाळेतल्या गोष्टी, रडू आणणारी पुस्तके. काही पुस्तके कणा आत आणि मुखपृष्ठ समोर करून मांडली जातात. एवढ्या बदलानेही न उचललेली पुस्तके उचलली जातात.

दुसरा प्रवाह संस्कारांचा. साने गुरुजींच्या परंपरेत वाचन हे मन घडवण्याचे साधन आहे. मराठी शाळेवर या विचाराचे ऋण मोठे आहे, कारण गरीब घरातल्या मुलालाही उत्तम साहित्याचा हक्क आहे ही जाण त्यातूनच आली. त्याची दुसरी बाजू अशी, की पुस्तक देणारा बोध आधी पाहतो आणि गोष्ट नंतर. थोरांच्या चरित्रांनी भरलेली कपाटे हा त्याचाच परिणाम. चरित्र जरूर असावे, पण चौदा वर्षांच्या मुलाला उपदेश लांबून ओळखू येतो आणि तो दिसला की ते पुस्तक ठेवून देते.

तिसरा प्रवाह मुक्त वाचनाचा. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी स्वेच्छेने केलेले वाचन हेच भाषाविकासाचे सर्वांत समर्थ साधन असल्याचे मांडले. फ्रान्समध्ये शिक्षक आणि कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा, पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यांत आहे. जपानमध्ये १९८८ साली चिबा प्रांतातल्या एका हायस्कूलमध्ये शिक्षकांनी सकाळची दहा मिनिटे वाचनासाठी राखली. नियम चारच: सगळ्यांनी वाचायचे, रोज वाचायचे, आवडेल ते वाचायचे, आणि नुसते वाचायचे. ही पद्धत पुढे जपानभर हजारो शाळांत पसरली. तिचे बळ चौथ्या नियमात आहे. वाचून झाल्यावर सारांश, बोध, अहवाल असे काहीही मागितले जात नाही. आपल्याकडे पुस्तक वाचले की त्यावर निबंध लिहून आणायला सांगण्याची सवय आहे. ती मोडल्याशिवाय मूल पुस्तकाजवळ निर्धास्तपणे येणार नाही.

चौथा प्रवाह संवादाचा. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच सांगितले होते की साहित्याचा अर्थ पुस्तकात तयार होऊन बसलेला नसतो, तो वाचक आणि मजकूर यांच्या भेटीत घडतो. इंग्लंडच्या एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांविषयी कसे बोलावे याची पद्धत बसवली. लेखकाला काय म्हणायचे आहे असे न विचारता काय आवडले, काय खटकले, काय कोड्यात टाकून गेले असे विचारायचे. भारतात टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाने ग्रंथालय-शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले, गोव्यात 'बुकवर्म' संस्था शाळाशाळांत हे काम करते, पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' संस्था नाट्यमय गोष्टींतून मुलांना पुस्तकांकडे आणते. या सगळ्यांमागे एकच आग्रह आहे: पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये एक वाचणारा मोठा माणूस हवा.

पाचवा प्रवाह उत्सव आणि बक्षिसांचा. १५ ऑक्टोबरला, ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, २०१५ पासून आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. स्पर्धा, प्रमाणपत्रे, सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याचा सत्कार, हे सारे चांगल्या हेतूने होते. दिवस जरूर साजरा व्हावा, कारण त्या दिवशी तरी कपाट उघडते. पण मोजणी सुरू झाली की मुले पातळ पुस्तके निवडू लागतात, आणि १६ ऑक्टोबरला काय होते यावर त्या दिवसाचे मोल ठरते.

या प्रवाहांपैकी कोणता खरा, हा वाद मला निष्फळ वाटतो. व्यवस्था नसेल तर पुस्तक सापडत नाही, स्वातंत्र्य नसेल तर उचलले जात नाही, संवाद नसेल तर मनात रुजत नाही. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. निवडीचे स्वातंत्र्य आधी, बोलणे नंतर, आणि संस्कार व्हायचे ते आपोआप होऊ द्यावेत.

हे सारे प्रत्यक्षात कसे दिसते याचे एकच उदाहरण देतो. ग्रंथालयाच्या तासिकेला शिक्षिका 'बनगरवाडी'ची प्रत हातात घेते. लेखकाचा जन्म, पुरस्कार, वाङ्मयप्रकार यातले काही सांगत नाही. औंध संस्थानातला एक कोवळा पोरगा, नुकता मास्तर झालेला, अनोळखी धनगरवाडीत नेमणुकीवर निघाला आहे, वाडीत शाळा आहे पण मुले नाहीत, एवढेच सांगते. मग पहिले पान मोठ्याने वाचते, वाडी दिसू लागते तिथे थांबते, आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवते. सगळे मिळून पाच मिनिटे. पुस्तक कोणाला हवे असे ती विचारत नाही, पुढच्या पुस्तकाकडे वळते. तासिका संपल्यावर टेबलाजवळ रेंगाळणारी दोन-तीन मुले असतातच. अशा पुस्तक-ओळखीला पैसे लागत नाहीत. ती करणाऱ्याने पुस्तक वाचलेले असावे लागते, एवढीच अट, आणि नेमकी हीच अट सर्वांत अवघड आहे.

आज हा विषय तातडीचा का, याची तीन कारणे सांगतो. पहिले, समता. २००० साली झालेल्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास झाला. वाचनात मनापासून रमणाऱ्या, पण आई-वडिलांचा व्यवसाय सर्वांत खालच्या स्तरातला असलेल्या मुलांचे सरासरी गुण ५४० होते. वरच्या स्तरातल्या, पण वाचनात न रमणाऱ्या मुलांचे ४९१. गरिबीची झळ वाचनाची ओढ बऱ्याच अंशी भरून काढू शकते, असा याचा अर्थ. भारत त्या चाचणीत नव्हता, पण ज्यांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पान नाही अशा मुलांच्या शाळांना यातून शिकण्यासारखे आहे. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे. घरी गेल्यावर पाणी, स्वयंपाक, धाकटे भावंड यांत तिची संध्याकाळ जाते. तिला निवांतपणे वाचता येईल अशी वेळ शाळेच्या वेळापत्रकातच असू शकते.

दुसरे, वाचनक्षमता. ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नसल्याचे दिसले. म्हणजे माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात अशीही मुले येतात, ज्यांना सोपे पुस्तक हवे आहे पण ते मागायची लाज वाटते. चित्रकथा, मोठ्या टायपातली छोटी पुस्तके, 'किशोर'चे जुने अंक त्यांच्यासाठी उघड्यावर असावेत आणि ते वाचणाऱ्याला कोणी हसू नये, ही ग्रंथालयाची शिस्त असावी. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीत गेल्यामुळे मराठी वाचनाचा वाटाही आकसला आहे. तो भरून काढायला ग्रंथालयाखेरीज दुसरी जागा नाही.

तिसरे, मोबाइल. 'असर'च्याच २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. मोबाइलला दोष देऊन हात झटकणे सोपे. पण मोबाइल मुलाला जे देतो ते ग्रंथालयाने कधी दिले का, हे तपासायला हवे: हवे ते निवडण्याची मुभा, न आवडल्यास पुढे जाण्याची मुभा, कोणी परीक्षा घेणार नाही याची खात्री. सलग तासभर एकाच माणसाच्या मनात वावरण्याचा अनुभव मात्र पुस्तकच देते. हा अनुभव एकदा मिळालेले मूल मोबाइल वापरूनही वाचत राहते.

आता या पुस्तकाविषयी. इथे लिहिणारे बहुतेक जण शाळेत रोज जाणारे आहेत: ग्रंथपाल, भाषेचे आणि भाषेतर विषयांचे शिक्षक, एखाददुसरे मुख्याध्यापक. शहरी अनुदानित शाळा, जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा, रात्रशाळा अशा निरनिराळ्या परिस्थितींत काय जमले आणि काय फसले हे त्यांनी मोकळेपणाने मांडले आहे. वर्गीकरण आणि नोंदणीचे तंत्र इथे गरजेपुरतेच येते, कारण त्यावर चांगली पाठ्यपुस्तके आहेत. शंभर उत्तम पुस्तकांची यादीही मुद्दाम दिलेली नाही. यादी मिळाली की ती खरेदी होते आणि कपाट पुन्हा बंद होते. निवड कशी करावी, मुलांना निवड समितीत कसे घ्यावे, फाटक्या आणि कालबाह्य पुस्तकांचे निर्लेखन न घाबरता कसे करावे, न वाचणाऱ्या मुलाशी बोलायला सुरुवात कुठून करावी, यावर भर आहे. काही लेखांत परस्परविरोधी मते आहेत. संपादकांनी ती तशीच ठेवली, हे मला महत्त्वाचे वाटते.

हे पुस्तक मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांनी वाचावे, अशी माझी विशेष इच्छा आहे. कपाटाला कुलूप लागते ते ग्रंथपालाच्या दुष्टपणामुळे नव्हे. वार्षिक पडताळणीत पुस्तक कमी भरले तर जाब त्याला द्यावा लागतो, प्रसंगी पैसेही भरावे लागतात. न वाचलेल्या पुस्तकांचा जाब मात्र कोणी विचारत नाही. असा हिशेब असेल तर कोणताही शहाणा माणूस कुलूपच लावेल. यावर उपाय मुख्याध्यापकांच्या हाती आहे. दरवर्षी काही पुस्तके हरवणार, फाटणार, कोणाच्या तरी घरी राहून जाणार, हा वाचनाचा खर्च आहे आणि तो शाळा सोसेल, असा ठराव शाळा समितीत मांडून लेखी द्यावा. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात, मैदानावर चेंडू हरवतात आणि शाळा ते मान्य करते. पुस्तकांनाही तीच सवलत हवी. या पुस्तकातल्या बाकीच्या सर्व सूचना त्या एका ठरावानंतर अमलात आणणे सोपे जाईल. त्याच्याशिवाय त्यांतल्या बहुतेक कागदावरच राहतील. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक वाचून संपण्याची वाट न पाहता शाळा समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो ठराव आधी घालावा.